किसनचा खोकला आणि आमचं लाल मिक्श्चर

दवाखान्यात बारा वर्षं पुड्या बांधल्या की माणसाकडे दोन गोष्टी जमा होतात. बोटांना आयोडिनचा वास आणि सांगायला किस्से. वास गेला धुऊन. किस्से मात्र चार माणसं पानसुपारीला बसली की आपोआप बाहेर पडतात. त्यातले निम्मे माझे मलाच अजून नीट उमगलेले नाहीत, तरी सांगतो. लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. रहिमतपुरात डॉक्टर सोमणांचा दवाखाना आणि मी त्यांचा कंपौंडर.

डॉक्टरांनी कुठल्याशा विलायती मासिकात वाचलं, की कोवळ्या वयाच्या पोरांनाही नशेची सवय लागते आणि ती वेळीच ओळखली पाहिजे. झालं! लक्षणांची यादी त्यांनी माझ्याकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतली आणि औषधाच्या खिडकीवर चिकटवली. पेंगणं, जेवणावरून मन उडणं, अंग खाजवणं, खोटं बोलणं, एकटं बसणं.

मी म्हणालो, "डॉक्टर, हे सगळं मला होतं."

"तुम्ही पंधरा वर्षांचे नाही," डॉक्टर म्हणाले. पण माझ्या डोळ्यांत बॅटरी मारून त्यांनी एकदा बघून घेतलंच!

*

पहिली तपासणी शाळेत. आम्ही दोघं मागच्या दाराशी उभे राहिलो. वर्गात चाळीस पोरं. पंचवीस पेंगत होती, दहा खाजवत होती, उरलेली खिडकीबाहेर बघत होती. डॉक्टरांना घाम फुटला. सगळं गाव नशेत बुडालंय अशा आवाजात त्यांनी हेडमास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं.

हेडमास्तर शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, हा भूगोलाचा तास आहे. पीटीला या."

पीटीला गेलो. एकही पोरगं पेंगत नव्हतं. डॉक्टर जास्तच गोंधळले.

*

मग तालीम. तिथले इमामवस्ताद म्हणजे दाराएवढा माणूस. डॉक्टरांनी विचारलं, "वस्ताद, तुमची पोरं काही नशापाणी करतात का?"

वस्तादांनी दोन्ही कान धरले. "तोबा! आमच्या तालमीत? बिडी वडली तर हात मोडंन मी!"

"काहीच नाही?"

"काय बी न्हाई. थंडाईत आपली चिमूटभर भांग. त्येच्यानं पोराला भूक लागती."

"चिमूट म्हणजे किती?"

वस्तादांनी उघडी मूठ पुढे केली. तिच्यात एक लिंबू सहज मावलं असतं!

"ही चिमूट?" डॉक्टर म्हणाले.

"माझी चिमूट हाय ती, डाक्टर. तुमची न्हवं."

आता याला नशा म्हणायचं का खुराक, यावर डॉक्टर घरी येईपर्यंत माझ्याशी वाद घालत होते. मी दोन्ही बाजूंनी मान डोलावत होतो.

*

त्याच सुमारास हौसाबाई तिच्या किसनला घेऊन आली. नवरा पलटणीत हवालदार, लामावर म्हणजे लढाईवर गेलेला. घरी ही दोघंच आणि एक शेळी. किसन पंधरा वर्षांचा.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"आवं, पोरगं लय शानं झालंय."

"मग चांगलं आहे की!"

"काय चांगलं? भांडत न्हाई, मागून खात न्हाई, झाडावर चढत न्हाई. सांगंल त्येला व्हय म्हनतंय आन् बसून ऱ्हातंय. ह्ये माझं पोरगंच न्हवं!"

डॉक्टरांनी किसनला तपासलं. तो खाली बघून "व्हय जी, न्हाई जी" करत होता. डॉक्टरांना तो फारच आवडला. पोटात जंत असतील म्हणून एरंडेल दिलं. आठ दिवसांनी रक्त कमी असेल म्हणून लोहाचं औषध. मग डोळ्यांच्या बाहुल्या बारीक दिसतात म्हणून चष्म्यासाठी साताऱ्याला पाठवायचं ठरलं! पोरगं सुकतच चाललं. अशात पलटणीतून पत्र आलं, ते मीच हौसाबाईला वाचून दाखवलं. हवालदाराच्या पायाला गोळी लागली होती, तो लष्करी इस्पितळात होता आणि बरा झाला की घरी येणार होता. बाई आनंदानं रडेल असं मला वाटलं होतं. ती घाबरून रडली.

"ह्यास्नी पोरगं पलटणीत घालायचं हाय. ह्ये असं बगितलं तर काय म्हनतील? त्येंच्या आदी बरं करा, डाक्टर. पाया पडते."

डॉक्टर यादीकडे बघत राहिले. मी पण बघत राहिलो. इतकं सभ्य पोर! आमच्या डोक्यात उजेड पडेना.

*

हा किस्सा सांगायला मला जड जातं.

त्या वेळी बाटली पेशंटनं घरून आणायची. मी औषध भरायचो आणि कागदाच्या पट्टीला कात्रीनं खाचा पाडून ती बाटलीला चिकटवायचो. एक खाच म्हणजे एक डोस. किसन खोकल्याच्या लाल मिक्श्चरची बाटली घेऊन यायचा. चार दिवसांच्या खाचा असायच्या, पण तो दुसऱ्या दिवशी हजर.

"संपलं?"

"सांडलं जी."

पुढच्या खेपेला बाटली फुटली. त्याच्या पुढच्या खेपेला औषध शेळीनं प्यालं.

"शेळीनं?"

"तिला बी खोकला हाय जी."

आणि मी भरून दिली! वर शेळीला ऊन पाणी पाजायचा सल्लाही दिला.

एकदा हौसाबाई दारात उभी असताना मी सहज विचारलं, "किसनचा खोकला कसा आहे? आणि शेळीचा?"

"कसला खोकला? त्येला खोकला न्हाई, आन् शेळीला बी न्हाई!"

आत डॉक्टरांच्या हातातला स्टेथास्कोप टेबलावर पडला. त्या मिक्श्चरमध्ये अफूचा अर्क असायचा, खोकला दबावा म्हणून. आदल्या पावसाळ्यात किसनला हगवण लागली होती, तेव्हा दिलेल्या औषधातही तोच. पोराला त्यानं बरं वाटलं आणि ते बरं वाटणं त्यानं दुसऱ्या बाटलीत शोधून काढलं. गावभर आम्ही नशा शोधत हिंडलो, आणि किसन रोज त्या यादीखाली उभा राहून माझ्याच हातून ती घेऊन जात होता. मला लाज वाटली. अजून वाटते.

डॉक्टरांनी किसनला विचारलं, "तू सांगितलं का नाहीस?"

"मला काय ठावं जी? मला वाटलं, मला खोकलाच हाय."

*

आता उपाय! मासिकात ओळखायचं कसं तेवढंच होतं, पुढचा अंक लढाईमुळे आलाच नाही. डॉक्टरांनी दोन मोठ्या डॉक्टरांना पत्रं लिहिली. साताऱ्याचे म्हणाले, एकदम तोडा. सांगलीचे म्हणाले, एकदम तोडू नका, थेंबाथेंबानं उतरवा.

"आपल्याला सातारा जवळ आहे," मी म्हणालो.

"जवळ आहे म्हणून बरोबर आहे का?" डॉक्टर माझ्यावर ओरडले. मग बराच वेळ येरझाऱ्या घालून म्हणाले, "सांगली!"

दवाखान्यामागच्या खोलीत खाट टाकली. थेंब मी मोजायचो, डॉक्टर पुन्हा मोजायचे. पहिले चार दिवस वाईट गेले. पोराला घाम, जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, पायात गोळे. तो रडायचा आणि मी त्याचे पाय दाबत बसायचो. इमामवस्ताद लोटाभर थंडाई घेऊन आले. "आज निस्ती बदाम हाय, आईशप्पत!" डॉक्टरांनी आधी मला प्यायला लावली. मी संध्याकाळपर्यंत हसत होतो. वस्तादांना खोलीत मज्जाव झाला.

एक दिवस आतून किसनचा आवाज आला. तो डॉक्टरांना शिव्या देत होता, आणि अशा अस्सल, की डॉक्टर लालबुंद होऊन बाहेर आले. हौसाबाई दाराशीच बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि ढसाढसा रडली.

"ह्ये माझं पोरगं! आलं गं बाई परत!"

डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, 'सुधारणा आहे.'

*

किसन घरी गेला. थोड्या दिवसांनी हवालदारही आला, काठी टेकत. गावानं त्याला हार घातले. त्याच्यासमोर किसनच्या सवयीचा विषय आम्ही काढला नाही, कारण हौसाबाईनं बजावलं होतं की त्याला यातलं काही कळू द्यायचं नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी मी दार उघडलं, तर पायरीवर किसन. काखेत वळकटी, हातात तांब्या. आतून डॉक्टर आले, त्यांनीही वळकटी बघितली आणि मटकन खुर्चीत बसले.

"परत सुरू होऊन किती दिवस झाले, किसन?" त्यांनी विचारलं.

"माजं न्हाई जी."

तो मागे वळला. रस्त्यापलीकडे हवालदार उभा होता. अंगात वर्दी, पितळी बटणं लखलखीत, आणि चेहऱ्यावर घाम. डोळे आमच्याकडे होते, पण तो बघत कुठे होता कळत नव्हतं.

"इस्पितळातनं आल्यापासनं बगतुया मी," किसन हळूच म्हणाला. "आईला वाटतंय, पाय दुकतुया म्हून तितलं औषध घेत्यात."

किसननं तांब्या माझ्या हातात दिला, रस्ता ओलांडला आणि बापाचा हात धरला.

"चला आबा. हितं कोन रागवत न्हाई. पयलं चार दिस लय वाईट असत्यात. मी हाय ना बसाय, तुमी द्या मला शिव्या."