मोजणीचा दिवस

द्राक्षांवरच्या औषधाचा वास आला की मला ती दुपार आठवते. तेव्हा मी नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होतो आणि पीएचडीसाठी नेटवर्कवर निरोप किती वेळ खोळंबतो, ते मोजत होतो. इंटरनेट घरच्या फोनवरूनच चालायचं. मोजणी मध्येच तुटली तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणून बायकोला सकाळीच बजावलं होतं, "आज फोनला हात लावू नकोस." मॉडेमचे दिवे लुकलुकत राहिले, मी खुशीत आकडे बघत बसलो. चारच्या सुमारास धाकटा भाऊ दिंडोरीहून मोटारसायकलवर आला. सकाळी फवारणी अर्धवट टाकून आईपाशी धावलेला, अंगावर तेच कपडे, त्यांना औषधाचा वास. दारातच उभा राहून म्हणाला, "सकाळपासून बूथवरून फोन लावतोय दादा, एंगेजच येतोय. आई तुला बोलव म्हणत होती. तिला सोडून इतक्या लांब येता येईना. आता नाय राहिली ती." मी फोनची वायर काढली. पुढे प्रबंध झाला, मी प्राध्यापक होऊन निवृत्तही झालो. त्या प्रबंधातल्या तक्त्यात त्या दिवसाची ओळ अजून आहे. शेवटच्या रकान्यात मीच लिहिलंय : व्यत्यय नाही.