पूर्ण नाव सांगा

खाटेजवळून जाताना तिचा कठडा धरायचा आणि गदागदा हलवायचा, ही मॅडमची सवय. पेशंट जागा असो, झोपलेला असो, डॉक्टरांशी बोलणं चालू असो, हात कठड्यावर जायचाच. कठडा घट्ट असला तर त्या पुढं सरकायच्या. जरा खडखडला की जागच्या जागी थांबून म्हणायच्या, "हालतंय की हे!" तेही इतक्या मोठ्यानं की व्हरांड्यातले नातेवाईक आत डोकावून बघायचे.

पुढच्याच मिनिटाला माझ्या खिशातला फोन 'टुंग' करायचा. दवाखान्यातले नळ, पंखे, दारं, खाटा, जे जे मोडतं ते दुरुस्त करून घ्यायचं काम माझं. त्यामुळं मॅडमचा हात कठड्यावर पडला की माझ्या जेवणावर पाणी पडलंच म्हणून समजा. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. त्याचं नाव फोनवर दिसलं की "आलं बाबा!" असं तोंडातून निघतं, आणि तेच माणूस रजेवर गेलं की दिवसभर चुकल्यासारखं वाटतं.

मॅडम मूळच्या नर्स. नोकरी करत शिकल्या आणि आमच्या कोल्हापुरातल्या दवाखान्यात मॅनेजर झाल्या. बरा व्हायला आलेल्या माणसाला दवाखान्यात येऊन नवीन काही होऊ नये, हे बघणं त्यांचं काम. राहायला कसबा बावड्यात. उंची बेताची, चाल भरभर, आणि आवाज असा की फोनवर बोलत असल्या तर फोन कशाला लावलाय असं वाटावं. बुद्धपौर्णिमेला पांढरी साडी नेसून यायच्या आणि पातेलंभर खीर आणायच्या. खीर वाढतानासुद्धा "टेबल हालतंय की हे" म्हणून माझ्याकडं बघायच्या.

एक दिवस त्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं आणि प्रत्येकाच्या फोनवर एक ॲप टाकायला लावलं. सांडलेलं पाणी, निसटलेली सलाईन, चुकता चुकता राहिलेली गोळी, जे दिसेल ते त्यात लिहायचं, जमलं तर फोटो टाकायचा. स्वतःचं नाव घालायची सक्ती नाही. ते मॅडमच्या फोनवर जाणार आणि ज्याचं काम असेल त्याच्याही फोनवर. ॲपला इंग्रजी भारदस्त नाव होतं. आमच्या मंडळींनी संध्याकाळच्या आत त्याचं बारसं उरकलं आणि नाव ठेवलं 'चुगली'.

मॅडमच्या कानावर ते गेलंच. त्या चिडल्या नाहीत. "चुगली दुसऱ्याची करत्यात," म्हणाल्या. "हितं आपलीच करायची हाय. आणि जो लिहील त्याच्या केसाला धक्का लागणार न्हाय. शब्द हाय माझा."

आता खरं सांगतो, आमचं कोल्हापुरी माणूस दिलदार, बोलायला रोखठोक, पण "माझं चुकलं" म्हणायची वेळ आली की त्याचा आवाज एकदम बसतो. हॉलमध्ये सगळे एकमेकांकडं बघायला लागले. तेव्हा मॅडमनी त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली.

वडील गुऱ्हाळावर कामाला होते. एकदा ऊस घालताना त्यांचा हात चरकात गेला. आसपासची माणसं धावत आली आणि तिथंच भांडण जुंपलं. ह्यानं ऊस वाकडा दिला, त्यानं लक्ष दिलं नाही, तुला सांगितलं होतं, मला कुठं सांगितलं होतंस. "सगळी वरडत हुती," मॅडम म्हणाल्या. "चरक बंद करायचं कुणालाच सुचलं न्हाय. आईनं पळत जाऊन इंजिन बंद केलं. तवर बोटं गेलती."



"म्हणून सांगतो," त्या म्हणाल्या (आमच्याकडच्या बायका सांगतो, येतो, जातो असंच म्हणतात), "कुणाचं चुकलं ते मागनं बघू. आधी चरक बंद करा."

त्या दिवसापासून हे वाक्य दवाखान्यात चलनी झालं. कॅन्टीनमध्ये चहात माशी पडली तरी कोणीतरी म्हणायचं, "आधी चरक बंद करा." मॅडम ऐकायच्या आणि खुदकन हसायच्या.

पहिले काही दिवस ॲपवर माझीच बदनामी झाली. नळ गळतो, फरशी निसरडी, दिव्याचं बटण सैल. झाडणाऱ्या मावशींना लिहायला यायचं नाही, तर मॅडमनी त्यांना बोलून निरोप पाठवायला शिकवलं. त्या मावशींचे निरोप काय वर्णावे! "बाथरूमची कडी लागत न्हाय, म्हातारं माणूस आत पडलं तर तुमी काय कवाड खाणार हाय काय?" असं फोनमधून ऐकून घेत मी पेचकस शोधायचो.

मग डब्यांचा प्रकार झाला. आमच्याकडं पेशंट एक आणि त्याला बघायला येणारे पावणे टेम्पोभर. येणारा प्रत्येक जण डबा आणणार, आणि ठेवायला जागा नाही म्हणून पिशवी सलाईनच्या स्टँडला अडकवणार. एकदा अशाच पिशवीच्या वजनानं स्टँड कलंडला. पेशंट थोडक्यात वाचला, तांबडा रस्सा मात्र भिंतभर झाला. ॲपवर फोटो आला. मला वाटलं, आता पाहुण्यांवर बंदी येणार. मॅडमनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "पावणं डबा आणनारच. ते काय आपल्याच्यानं थांबायचं न्हाय. प्रत्येक खाटंशेजारी भिंतीला खुंटी मारा." मी खुंट्या मारल्या. पुन्हा स्टँड पडला नाही.

हळूहळू माणसं लिहायला लागली. पण ते सगळं खुंटी-कडीपर्यंत ठीक होतं. मॅडमच्या शब्दाची खरी कसोटी लागली ती एका दुपारी, भेटायच्या वेळेला.

पुरुष वॉर्डात शेजारी शेजारी दोन पेशंट होते. खिडकीजवळच्या सहा नंबरच्या खाटेवर हुपरीचा एक चांदी कारागीर, पाय मोडून आलेला. सात नंबरवर बिद्रीकडचे एक आबा. आबांना साखरेचा आजार, दुपारच्या जेवणाआधी इन्सुलिन ठरलेलं. दोघांची चांगली गट्टी जमली होती. आबा सारखे म्हणायचे, "हितं जीव गुदमरतोय रं." तर हुपरीकर म्हणाला, "मग तुमी या की आबा खिडकीपाशी. मला काय, पायच हालंना, खिडकी घिऊन काय करू?"

झालं. दोघांकडचे पाहुणे हजरच होते. त्यांनी मोठ्या प्रेमानं एकाला उचलून तिकडं, दुसऱ्याला धरून इकडं केलं, डबे, चपला, पाण्याच्या बाटल्या बदलल्या. कोणाला सांगायचं असतं हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माणुसकीच्या कामाला परवानगी कसली?

वॉर्डातली सिस्टर नवी होती, नुकतीच लागलेली पोर. आमच्याकडं सगळेच नंबरानं बोलायचे. सात नंबरचा एक्सरे, सात नंबरचं जेवण. तशी ती सात नंबरचं इंजेक्शन घेऊन आली आणि सात नंबरला देऊन गेली. "कसलं इंजेक्शन?" म्हणून हुपरीकरानंही विचारलं नाही. सिस्टर देते ते चांगलंच, एवढा त्याचा विश्वास.

थोड्या वेळानं तो दरदरून घामानं भिजला, हात थरथरायला लागले. सिस्टरनंच ते पाहिलं, खिडकीतल्या आबांना पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं. तिनं आरडाओरडा केला नाही. आधी त्याला साखर दिली, डॉक्टरांना बोलावलं, ग्लुकोज लावलं. तासाभरात माणूस ठणठणीत. मग ती कोपऱ्यात गेली आणि रडत रडत फोनवर सगळं लिहिलं. नाव घालायची सक्ती नव्हती, तरी खाली स्वतःचं नाव घातलं.

बातमी फुटायला वेळ लागतो होय? खाली हुपरीची माणसं जमली, वर दवाखान्याचे मोठे साहेब तापले. खाटांचा विषय म्हणून मलाही केबिनमध्ये बोलावलं होतं. साहेबांनी एकच वाक्य लावून धरलं, "त्या मुलीला आत्ताच्या आत्ता घरी पाठवा."

मॅडम उभ्याच होत्या. त्यांनी आपला फोन साहेबांच्या टेबलावर ठेवला. "साहेब, तिला घालवा. उद्यापासनं ह्या फोनवर एक बी टुंग वाजणार न्हाय. तवा दवाखान्यात समदं बेस चाललंय असं समजू नका. तवा भ्या."

"मग लोकांना काय सांगू?"

"खरं सांगू. मी सांगतो."

"आणि पुन्हा असं झालं तर?"

"तर मला घालवा. तसं लिहून देतो."

ह्या बाईंच्या पगारावर घर चालायचं, वडील त्यांच्याजवळच, हे मला ठाऊक होतं. साहेबांनी एक कोरा कागद पुढं सरकवला. मग म्हणाले, "द्या लिहून." मॅडमनी तिथंच लिहून दिलं आणि जिना उतरल्या.

खाली गर्दीसमोर उभं राहून त्यांनी सरळ सांगितलं, "आमच्याकडनं चुकीच्या मानसाला इंजेक्शन गेलं. मानूस बरा हाय. चला, वर चलून बघा." असं कोणी दवाखान्यात बोलतं, हे त्या लोकांना माहीतच नव्हतं. भांडायला आलेली माणसं गप जिना चढून वर गेली. वर हुपरीकर खाटेवर बसून ओरडला, "सिस्टरला कोन बोलायचं न्हाय! खाट मी बदलली!" लगेच खिडकीतून आबा, "त्यो कुठला बदलतोय? मीच मागं लागलतो!" मग आबांचा जावई पुढं झाला, उचलून ठेवलं आम्ही म्हणून. एरवी चूक अंगाला लावून न घेणारी आमची माणसं, त्या दिवशी ती घ्यायला भांडत होती. मॅडमना हसू आवरेना. "कुनाची ते मागनं बघू," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले.

सिस्टर नोकरीत राहिली. आणि नियम झाला. औषध देण्याआधी पेशंटच्या मनगटाला बांधलेली नावाची पट्टी फोननं स्कॅन करायची, पण त्याच्याही आधी तोंडानं विचारायचं, "तुमचं पूर्ण नाव सांगा." ओळखीचा असला तरी. रोजचा असला तरी. नातेवाईक असला तरी.

एका जुन्या सिस्टरनं कुरकुर केली. "मॅडम, आडनाव विचारलं की लोकांना भलतंच वाटतं. जात काढताय काय म्हणतात."

मॅडम तिच्याकडं वळल्या. एरवीचा चढा आवाज नव्हता. "मला जल्मभर लोकांनी आडनाव विचारलं," त्या म्हणाल्या. "भाड्यानं खोली बघाय गेलो तवा, शाळंत, पयल्या नोकरीत. मला कुठं बसवायचं ते ठरवाय विचारायची. आपन हितं विचारतोय ते मानूस जगावं म्हणून. फरक कळतोय का न्हाय? मग छातीठोक विचारा."

मी दाराच्या बिजागऱ्या बघायचं नाटक करत उभा होतो.

मॅडम आता नाहीत. पोटाचं दुखणं अंगावर काढलं, दुसऱ्यांच्या खाटा हलवत फिरल्या, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता. शेवटी आमच्याच दवाखान्यात दाखल झाल्या. मी त्यांची खाट स्वतः तपासली, कठडा चार-चारदा हलवून बघितला.

शेवटच्या दिवसांतली एक सकाळ सांगतो. मी भेटायला गेलो होतो. मॅडम एवढ्याशा झाल्या होत्या. तेवढ्यात तीच सिस्टर इंजेक्शन घेऊन आली. आता ती त्या वॉर्डची इन्चार्ज होती. एका हातात ट्रे, एका हातात फोन. खाटेजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "तुमचं पूर्ण नाव सांगा."

शेजारी बसलेली मॅडमची बहीण वैतागली. "अगं, मॅडम न्हवं का तुझ्या? नाव काय विचारतीस?"

सिस्टर हलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. पण इंजेक्शन ट्रेमध्येच होतं.

मॅडमनी डोळे उघडले. ओठ हलले, काहीतरी पुटपुटल्या.

"ऐकू आलं न्हाय, मॅडम," सिस्टर म्हणाली. "परत सांगा."

मॅडमच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्यांनी हात बाहेर काढला, खाटेचा कठडा घट्ट धरला, थोडं वर झाल्या, आणि स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, तिन्ही, असं खणखणीत सांगितलं की व्हरांड्यातली माणसं आत डोकावून बघायला लागली.