हार्लन टियाडेनच्या तांबड्या रेघा

आयोवाच्या त्या तालुक्यात हार्लन टियाडेनइतकी काटेकोर पाठ तपासणारा दुसरा कायरोप्रॅक्टर, म्हणजे हातानं मणके बसवणारा, नव्हता, आणि त्याच मेल्या काटेकोरपणानं घात केला. माणसाला आधी पाव तास उघड्या पाठीनं गार खोलीत बसवायचं. मग दोन टोकांचं उष्णतेचं यंत्र कण्याच्या दोन्ही बाजूंनी वर सरकवायचं. काटा हलला की तिथंच पाणी मुरतंय. मग पालथं झोपवून दोन्ही पाय सारखे आहेत का बघायचं, आणि शेवटी उभ्यानं एक्स-रे. त्यावर तांबड्या पेन्सिलीनं रेघा ओढून मणका किती अंश कलला ते मोजायचं.

१९५१च्या फेब्रुवारीत त्याच्या बायकोची, व्हर्नाची, कंबर धरली. एक्स-रे निघाला, रेघा झाल्या. तीन अंश! हार्लन एक दिवसाआड हाताच्या झटक्यानं मणका बसवू लागला. मे उजाडला तोवर नव्या एक्स-रेत तीनाचे दीड अंश झाले. आकडा सुधारला आणि बाई खंगली. रात्र रात्र ती खुर्चीत बसून काढी.

"हॉस्पिटलात जाऊ या रे," ती रडकुंडीला आली.

"त्या डॉक्टरांच्या दारात? परवाना नाही म्हणून तक्रार करून मला कोठडीत कुणी घातलं होतं?"

"कोठडीत तू बसलास ना? पाठ माझी दुखतेय!"

हे मात्र त्याला लागलं. पण गेला का हॉस्पिटलात? छे! त्यानं आपला जुना वर्गमित्र लुडविक ह्रुष्का याला बोलावलं. तोही याच धंद्यातला.

लुडविकनं तो नवा एक्स-रे खिडकीशी धरला आणि डोळे जवळ नेले.

"रेघा चुकल्या का?" हार्लननं विचारलं.

"रेघा बरोबर आहेत. कंबरेतला दुसरा मणका बघ. प्रत्येक मणक्यात हाडाचे दोन गोल डोळ्यांसारखे दिसतात. याला एकच आहे. हाड खाल्लंय, हार्लन. कॅन्सरची गाठ असणार."

"पेन्सिलीखाली झाकला असेल!" हार्लननं रुमाल ओला केला आणि वेड्यासारखा रेघ पुसू लागला. रेघ गेली. खाली डोळा नव्हता. त्यानं फेब्रुवारीचा एक्स-रे काढला. त्यातही नव्हता. तीन महिने तो त्या मणक्याचा कल मोजत होता, मणका बघतच नव्हता. आणि वर झटके देत होता! देवा रे, हे हात तोडून टाकावेत असं त्याला झालं.

तो स्वयंपाकघरात धावला. "व्हर्ना, मी चुकलो गं. बूट घाल. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जायचं."

ती टेबलाला धरून उठू लागली. डावा पाय उचलेना.

"कधीपासून?" त्यानं तिला सावरत विचारलं.

"सोमवारपासून," व्हर्ना म्हणाली. "दीड अंशावर आलं म्हणून तू इतका खूश होतास रे. म्हटलं, कशाला सांगायचं."