मतदार यादीतली ठकी

आत्या गेल्याचं कार्ड मुंबईच्या वसतिगृहावर आलं तेव्हा माझी परीक्षा चार दिवसांवर होती. गावच्या मास्तरांनी मोजक्या ओळी लिहिल्या होत्या. ताप आला, तिसऱ्या दिवशी गेली, परीक्षा सोडून येऊ नकोस असं तुझे वडील म्हणतात. मी तरीही गेलो. पोहोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. ओटीवर बायका बसल्या होत्या, आणि त्यांतली एक हळूच म्हणाली की बाई लाखात एक होती, पण नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं, ते काही बरं केलं नाही. तेव्हा मी ते ऐकून आत गेलो. आता महिना उलटला आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी लिहायला शिकलेलं नाही, त्यामुळे हे नीट जमेल की नाही मला ठाऊक नाही... पण तिनं ते बरं केलं, फार बरं केलं, एवढं सांगण्यासाठी मी लिहायला बसलो आहे.

आत्या पळसदरीच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी राहायची. मूलबाळ नाही, नवरा ऐन तारुण्यात गेलेला. दिराशी वाटणी आधीच झाली होती, म्हणून भाताची जमीन तिच्याकडे आली आणि तिचा शेतसारा ती स्वतः भरायची. आमच्याकडे भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजावी लागते. त्यासाठी झाडांचा टहाळ आणि पाला आणून शेतात जाळतात, त्याला राब म्हणतात. टहाळ जंगलात आणि जंगल सरकारचं. रखवालदारानं आत्याचा कोयता दोनदा हिसकावून नेला होता. दुसऱ्या वेळी ती त्याच्या चौकीसमोर जाऊन बसली आणि कोयता हातात पडेपर्यंत उठली नाही. तेव्हापासून ती म्हणायची की हे रखवालदाराशी भांडून सुटायचं नाही, कायदा करणाऱ्यालाच गाठलं पाहिजे. सारा भरणाऱ्या बाईलाही मत असतं हे तिला कुठूनसं कळलं होतं.

पहिल्यांदा ती लोकल बोर्डाच्या निवडणुकीला गेली. यादीत तिच्या नावाच्या जागी नुसतं 'महादू धोंडू याची विधवा' असं लिहिलेलं होतं. कारकुनानं ओळख पटवायला नवऱ्याचं नाव विचारलं. आता आमच्याकडची बाई नवऱ्याचं नाव घेईल कशी? घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, आणि मेल्यावरही ती सवय सुटत नाही. आत्यानं देवळाकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, सोमवारचा देव. मग म्हणाली, ज्याला बेल वाहतात तो. बाहेरचे लोक हसायला लागले. कारकून म्हणाला, मी इथे कोडी सोडवायला बसलेलो नाही. आत्या मत न देताच घरी आली. हे तिनं मला हसत हसत सांगितलं होतं, पण सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

पुढे साऱ्या मुंबई इलाख्याची, कायदे करणाऱ्या सभेची निवडणूक आली. एक उमेदवार राबाची मोकळीक मिळवून देऊ म्हणत होता. त्याच्याविरुद्ध एक लाकडाचा ठेकेदार उभा होता आणि आत्याचा दीर त्या ठेकेदाराकडे कामाला होता. घरचं मत मीच सांगेन तिथं पडेल, असं तो गावात बोलून गेला होता. यादी दुरुस्त करायचा अर्ज आत्यानं मला लिहायला सांगितला. मी कॉलेजात नुकताच गेलेलो, मोठ्या ऐटीत लिहिलं, 'कैलासवासी महादू धोंडू यांची विधवा पत्नी' वगैरे, आणि वाचून दाखवलं. ती म्हणाली, "यात मी कुटं हाय रं?"

मी लेखणी पुन्हा उचलली आणि थांबलो. मला तिचं नाव ठाऊक नव्हतं. जन्मापासून मी तिला आत्या म्हणत होतो, वडील अक्का म्हणायचे, गावाची ती थोरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं मात्र मजेत सांगितलं. माहेरचं नाव ठकी. लग्नात नवरा महादेव, म्हणून हिला पार्वती केलं. नवऱ्याला अक्षर येत नव्हतं, तेव्हा भटजींनी त्याचं बोट धरून ते नाव ताटातल्या तांदळात लिहवलं. "दुसऱ्या दिशी त्या तांदळाचा भात झाला. नाव गेलं पोटात," ती म्हणाली. "ठकीच लिव्ह. आईनं हाक मारलेलं हाय."

मतदानाच्या दिवशी मी तिच्याबरोबर कर्जतच्या शाळेत गेलो. दारातच दीर उभा होता. आत्यानं स्वतःचं नाव सांगितलं. यादी दुरुस्त होऊन तिथं ठकी लिहिलेलं होतं, तरी कारकुनानं त्यावर बोट ठेवून ओळखीसाठी नवऱ्याचं नाव विचारलं. मागे बायकांची रांग होती. आत्यानं खाली पाहिलं. मग ती स्पष्ट आवाजात म्हणाली, "म्हादू. म्हादू धोंडू. चांगला माणूस हुता." चिठ्ठी घेतली, आत गेली, पेटीत टाकून आली.

दारात दिरानं तिला अडवलं. "वैनी, चारचौघांत माज्या भावाचं नाव घेतलंस?"

"भावजी, संसार केला तवा एकदाबी घेतलं नाय," आत्या म्हणाली. "नाव राखून माणूस राहिला नाय. मत तरी राहूदे."

रांगेतली तिच्या मागची म्हातारी टेबलापाशी बराच वेळ घुटमळली. मग तीही नवऱ्याचं नाव पुटपुटली, "रामा." आणि पदरात तोंड लपवून नव्या नवरीसारखी हसली.

तो उमेदवार निवडून आला. राबाचा हुकूम अजून यायचा आहे. आत्या शेवटपर्यंत टहाळ तोडतच होती, आणि रखवालदार दिसला तरी कोयता लपवायची नाही.

परत मुंबईला निघण्याआधी मी पोलीस पाटलांकडे गेलो. गावातल्या मृत्यूंची नोंद ते ठेवतात. बुकात लिहिलं होतं, 'महादू धोंडू याची विधवा, ताप.' मी म्हटलं, नाव घाला. ते म्हणाले, "अरं, साऱ्या गावाला म्हाईत हाय कोन ती."

"मला म्हाईत नव्हतं, पाटीलकाका," मी म्हणालो. "आणि मी तिचा सख्खा भाचा."

त्यांनी टाक उचलला. मग दौत पुढे ओढली आणि विचारलं की पार्वती लिहू का, सरकारी कागदात बरं दिसेल. मी नाही म्हणालो. ओळीच्या वर जागा थोडीच होती, त्यांनी बारीक अक्षरात तिथं लिहिलं, ठकी. ते पान उलटायला लागले तेव्हा मी त्यांचा हात धरला. शाई अजून ओली होती.