मिस्किटा सर कॅसेटमध्ये गप्प झाले

"तुमच्या कॅसेटमध्ये आमचे सर मुके झालेत," मिस्किटा सरांचा जुना विद्यार्थी रॉनी म्हणाला आणि त्याने कॅसेट काउंटरवर ठेवली. आपटली नाही, ठेवली. त्यामुळेच मला जास्त काळजी वाटली.

गेल्याच महिन्यातली गोष्ट. जोगेश्वरीत तावडे साहेबांचा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. गिरणीतली नोकरी सुटल्यावर त्यांनी तो टाकला. मी तिथली टेक्निशियन. भजनं, कव्वाल्या, कोळीगीतं, कोणाच्या एकसष्टीची भाषणं, जे येईल ते आम्ही टेप करतो आणि त्याच्या कॅसेट काढून देतो.

रॉनीच्या हातातली कॅसेट मात्र वेगळी होती. मिस्किटा सर आणि परकार साहेब एकाच सोसायटीत, एकाच जिन्यावर राहतात. मिस्किटा सर मरोळ गावठाणातले ईस्ट इंडियन ख्रिस्ती, शाळेत शिकवतात आणि रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देतात. परकार साहेब कोकणी मुसलमान, नोकरीतून निवृत्त. दोघांचा वाद वर्षानुवर्षं जिन्यात चालायचा. येशू देव की पैगंबर? देव एक, तर त्यात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तीन कसे? इंजील, म्हणजे येशूची शिकवण, आज बायबलमध्ये आहे तशीच उतरली होती, की लोकांनी मागाहून बदलली? जिन्यात ऐकणारे वाढले, तेव्हा कोणीतरी सुचवलं, हे हॉलमध्येच करा. चर्चच्या शाळेचा हॉल मिळाला. दोन्ही समाजांची माणसं शेजारी शेजारी बसली. मी टेप केलं. ठरलं असं होतं की कॅसेट एकच निघेल आणि दोन्हीकडचे लोक तीच ऐकतील.

"सर मुके कसे झाले?" मी विचारलं.

"लावून बघ ना."

मी बाजू एचा शेवट लावला. परकार साहेबांचा आवाज आला. ते विचारत होते, "सर, ईसा अलैहिस्सलाम, म्हणजे तुमचे येशू, डोंगरावर जाऊन रात्र रात्र दुआ मागायचे, हे तुमच्याच किताबात आहे. ते स्वतःच खुदा असतील, तर मग दुआ कोणाकडे मागत होते?" त्यानंतर शांतता. पंख्याचा आवाज. एक खुर्ची सरकली. मागे कोणीतरी हसलं. आणखी शांतता. मग टेप संपली.

"जवाब पलीकडच्या बाजूला आहे," मी म्हटलं. "पहिलंच वाक्य."

"मला माहिती आहे गं. मी पलटवली. पण हायवेच्या हॉटेलात हाजीभाई पलटवत नाहीत. एवढा झकास शेवट असल्यावर कोण पलटवेल? रिवाइंड करून पुन्हा तेच लावतात. अख्खी जोगेश्वरी म्हणतेय, सरांना जवाब सुचला नाही. मरोळमध्ये पोरं म्हणतात, स्टुडिओवाल्यांना पैसे चारून फोडलं. आणि हॉलची कमिटी म्हणते, हे निस्तरलं नाही तर रविवारी हॉल बंद."

रविवारी दुसरी चर्चा होती. या वेळी विचारायची पाळी मिस्किटा सरांची होती. हॉल गेला असता तर सर कायमचे त्या शांततेतच अडकले असते. आणि दोन जमाती एका छताखाली बसून ऐकतात, ही आमच्या भागातली एकुलती एक जागा गेली असती.

चूक कशी झाली ते सांगते. सी-६० कॅसेट म्हणजे साठ मिनिटांची, एका बाजूला तीस. हॉलमध्ये आपण मोठ्या रिळावर टेप करतो. त्याला मास्टर म्हणतात. मास्टरचे दोन भाग करायचे, एक बाजू एवर, एक बाजू बीवर. कुठे तोडायचं? तावडे साहेबांचा नियम असा की तिसाव्या मिनिटाच्या आसपास सर्वांत लांब शांतता शोधायची आणि तिच्या मधोमध ब्लेड चालवायचं. म्हणजे कोणाचा शब्द कापला जात नाही. भजनासाठी नियम उत्तम आहे.

पण मिस्किटा सरांची एक सवय आहे. कठीण प्रश्न आला की ते उत्तराआधी डोळे मिटतात, छातीवर क्रूसाची खूण करतात आणि मनात प्रार्थना म्हणतात. हॉलमध्ये सगळ्यांनी ते पाहिलं होतं. टेपला डोळे नसतात. साहेबांनी तिसाव्या मिनिटाच्या आसपासची सर्वांत लांब शांतता शोधली आणि ती नेमकी ही निघाली.

तावडे साहेब आल्यावर मी त्यांच्यावर चढलेच. "हा अन्याय आहे साहेब. एका माणसाची बाजू आपण अर्ध्यावर कापून बाजारात सोडली."

"अगो, मी मुद्दाम केलंय काय? इतकी भजनं कापली, देव कधी तक्रारीला आला काय?"

"देव येत नाही. माणसं आलीत."

आमच्या घरी वडील युनियनमध्ये. पत्रकांच्या घड्या घालत मी मोठी झाले. अन्याय दिसला की माझा हात कागदाकडे जातो. मी तिथेच एक जाहीर निवेदन लिहून काढलं आणि म्हटलं, हे छापून हायवेवर वाटू.

साहेबांनी शांतपणे वाचलं. "चांगलं लिवलंस. पण हॉटेलात पत्रक वाजता काय गो?"

मला राग आला, कारण मुद्दा बरोबर होता. लोकांनी कानाने ऐकलं होतं. दुरुस्तीही कानाने ऐकू यायला हवी होती.

मग मी तांत्रिक उपाय काढला. शांतता काढून टाकायची. प्रश्न संपला की लगेच उत्तर चिकटवायचं आणि हे दोन्ही एकत्र बाजू एवर घ्यायचं. उत्तर चार मिनिटांचं होतं. तेवढी जागा करायला बाजू एमधून चार मिनिटं काढावी लागणार होती. परकार साहेबांच्या भाषणाच्या सुरुवातीला कुराणातल्या आयती होत्या, जवळजवळ तेवढ्याच. सी-९० का नाही वापरली, असं कोणी विचारेल. तिची टेप पातळ असते. हॉटेलातले प्लेयर ती चावून टाकतात.

संध्याकाळी मिस्किटा सर आणि परकार साहेब, दोघांनाही बोलावलं. दोघं एकत्रच आले, जिन्यातला वाद अर्धवट सोडून.

मी उपाय सांगितला. परकार साहेब खुर्चीत सरळ झाले. "बेटा, माझं बोलणं काप. पाहिजे तेवढं काप. पण आयतींची तिलावत नको. तो माझा शब्द नाही, तो मी कोणाला कापायला देऊ शकत नाही."

"बरं. मग आधी सरांची शांतता तरी काढते."

"तीही नको," मिस्किटा सर म्हणाले.

"सर, तिच्यामुळेच तर वाट लागली."

"वैशाली, ती रिकामी जागा नाही. मी प्रार्थना करत होतो. माझं उत्तर तिथून सुरू होतं. ती काढलीस तर मी पाठ केलेलं बोललो असं वाटेल."

तावडे साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. साठ मिनिटांत काहीच कापायचं नाही आणि तरी जागा करायची. मी कागदावर उलटसुलट आकडेमोड केली. प्रश्नच बाजू बीवर ढकलला तर शेवट सांडत होता. शेवटी परकार साहेबांचं समारोपाचं भाषण होतं.

"मग ते माझं शेवटचं काढ," परकार साहेब लगेच म्हणाले. "सरांचा जवाब पुरा आला पाहिजे."

"ते अजिबात काढायचं नाही," सर म्हणाले. "तुझा तो मुद्दा चांगला होता. गूढ म्हटलं की सवाल संपतो का, असं विचारलंस ना? त्याला मला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही. तेच काढलं तर मी जिंकल्यासारखा दिसेन."

"दिसलास तर दिस ना. एकदा तरी दिस."

"परकार, आगाऊपणा पुरे."

तावडे साहेबांना हसू आवरेना. मला मात्र हसू येत नव्हतं, कारण रविवार जवळ येत होता.

शेवटी तावडे साहेबच म्हणाले, "टोकाला थोडी टेप उरते की." खरं होतं. सी-६०मध्ये कारखान्याकडून दोन्ही बाजूंना थोडी जादा टेप येते. शांतता संपल्यावर काही सेकंद मोकळे होते. "तिथे कोणीतरी दोन वाक्यं बोलायची. जवाब पलीकडे आहे म्हणून."

मी नाही म्हटलं. "झालेल्या चर्चेत नंतरचं घुसवायचं? उद्या कोणीही काहीही घालेल. मास्टर म्हणजे मास्टर."

मिस्किटा सर मोठ्याने हसले. "ऐक परकार. मूळ मजकुरात मागाहून भर घातली. तुझा आमच्यावरचा आरोप हाच ना?"

"हाच," परकार साहेब म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणून मलाच बोलू दे. आरोप करणाऱ्यानेच भर घालावी, आणि ही भर आहे हे सांगून घालावी. मग बेइमानी कुठे राहिली? पोरी, तुझं काय म्हणणं?"

मला ते पटलं. सांगून घातलेली भर लबाडी होत नाही. पत्रकाखालीही छापणाऱ्याचं नाव असतंच की. "चालेल," मी म्हटलं. "पण सर का नाही बोलत?"

"मी बोललो तर ती सबब वाटेल," सर म्हणाले.

माइक लावला. परकार साहेब एकाच टेकमध्ये बोलले. "मी इब्राहिम परकार. हे चर्चेत नव्हतं, नंतर टेप केलं आहे. सवाल माझा होता. सर गप्प बसले नव्हते, दुआ करत होते. जवाब दुसऱ्या बाजूला आहे. तो ऐकल्याशिवाय माझा सवाल कोणाला सांगू नका."

मी मास्टरला हे जोडलं. पण बाजारात गेलेल्या कॅसेटचं काय? कॅसेट भरून झाली की आपण वरच्या कडेची प्लास्टिकची खुंटी मोडतो, म्हणजे कोणी तिच्यावर चुकून दुसरं टेप करू नये. त्या भोकावर सेलोटेप लावली की पुन्हा टेप करता येतं. रॉनीने मरोळमधल्या कॅसेट गोळा केल्या, परकार साहेबांनी मशिदीजवळच्या. मी एकेकीच्या भोकावर सेलोटेप लावली, शेवटपर्यंत नेली आणि टोकाला तेवढी वाक्यं भरली. कंटाळवाणं काम होतं. रॉनी शेजारी बसून सेलोटेप फाडून देत होता. त्याने एकदा विचारलं, "तुला कोणाचं पटलं?"

"दोघांचंही नाही," मी म्हटलं. "पण दोघं पटले."

"हे काय उत्तर झालं?"

"मग तू दे."

त्याने दुसरी पट्टी फाडली.

हाजीभाईंच्या हॉटेलात मी आणि परकार साहेब गेलो. हाजीभाईंनी कॅसेट लावली. गिऱ्हाइकांना शेवट पाठ होता. प्रश्न आला तशी दोघंतिघं मान डोलावू लागली. शांतता आली, एक जण मिशीत हसला. मग परकार साहेबांचा आवाज आला आणि चहा ढवळणारे चमचे थांबले. तो मिशीवाला खुर्चीतल्या परकार साहेबांकडे पाहत राहिला.

"परकारभाई, मग आम्ही आठवडाभर उगाच खुश होतो?"

"अर्धवट ऐकून खुश होता. पूर्ण ऐकून व्हा. हाजीभाई, पलटवा."

हाजीभाईंनी कॅसेट पलटवली. मिस्किटा सरांचा आवाज आला. मुलगा बापाशी बोलतो तेव्हा दोघं परके ठरतात का, असं ते विचारत होते. माणसाचं शरीर घेतलं म्हणजे माणसाची भूक, झोप आणि प्रार्थनाही घेतली, असं त्यांचं म्हणणं होतं. तीन देव आम्हीही मानत नाही, ते म्हणाले, एकाच देवाच्या आत प्रेम आहे एवढंच आम्ही म्हणतो. मिशीवाल्याला ते पटलं नाही. त्याने तसं मोठ्याने सांगितलं. पण त्याने शेवटपर्यंत ऐकलं, परकार साहेबांच्या समारोपासकट. चहा गार झाला म्हणून दुसरा मागवला.

कमिटीतल्या माणसांनीही नवी कॅसेट ऐकली. हॉल मिळाला.

रविवारी खुर्च्या कमी पडल्या. मिस्किटा सरांनी विचारलं की इंजील बदलली म्हणता, तर कोणी बदलली, केव्हा, आणि बदलण्याआधीची प्रत कुठे आहे? परकार साहेब बराच वेळ बोलले, चांगलं बोलले. एका मुद्द्यावर मात्र थांबले आणि म्हणाले, "हे मला आज माहीत नाही. वाचून सांगेन." हॉलमध्ये कोणी हसलं नाही. सरांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न घेतला.

दुसऱ्या दिवशी मास्टर ऐकताना तावडे साहेबांनी विचारलं, "हे 'माहीत नाही' काढूया काय? म्हातारा बिचारा." मी परकार साहेबांना फोन केला. "ते ठेव," ते म्हणाले. "तेवढंच खात्रीने बोललो."

तिसरी चर्चा पुढच्या महिन्यात आहे. दोन्हीकडून कॅसेटची मागणी आलीय. साहेब आता कॅसेट मागवताना कारखान्याला सांगतात की टोकाला जरा जास्त टेप सोडा. कारखानदाराने कारण विचारलं, तेव्हा साहेब म्हणाले, "भजन वेळेत संपतं. वाद संपत नाही." धंद्यातला माझाही अनुभव तोच आहे.