भालकीचा फॉन्ट उदगीरला चालेना

डीटीपी सेंटरमधले किस्से कुणी जमवत नाही, ते खणातल्या टाचण्यांसारखे आपोआप साठतात. भालकीच्या बसस्टँडसमोर आमचं एका खोलीचं सेंटर होतं. मालक बसवराजअण्णा, ऑपरेटर मी. दुपारभर पंखा घरघरायचा, साखर कारखान्याकडून मळीचा वास यायचा. ती वर्षं मी अर्धवट झोपेतच काढली, असं अजून वाटतं.

*

आमच्या लग्नपत्रिका फ्लॉपीवरून उदगीरच्या प्रेसला जायच्या. तिथल्या मशीनवर आमचा फॉन्ट नसला, की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा! एकदा तशाच छापून आल्या. मुलीच्या वडिलांनी पत्रिका सुलटी धरून बघितली, उलटी धरून बघितली.

"पोरगी उदगीरला द्यायलो मी, का लंडनला?"

*

पुढच्या वेळी मी फॉन्टही सोबत नेला. तरी लोड होईना! त्याच्या फाइली दोन. एकीत अक्षरांचे आकार, दुसरीत रुंदी. मी एकच नेली होती. अण्णा फोनवर ओरडले, "नवरा घेऊन गेलास, नवरी हितंच हाय की!"

*

शेवटी अण्णांनी तो नादच सोडला. अख्खा सीपीयू चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन ते उदगीरच्या गाडीत बसले. धक्का लागू नये म्हणून वरून हात धरलेला. शेजारची म्हातारी कमालनगरपर्यंत त्या चादरीकडेच बघत होती. मग म्हणाली, "किती उकडायलंय! लेकराचं तोंड तरी उघडं करा की!"

*

कारखान्याच्या ऊस मोजायच्या काट्यावरून रिटायर झालेले मल्लप्पा रोज दुपारी येऊन एका बोटानं काहीतरी टाइप करत. "प्रिंट काढू का, अप्पा?" म्हटलं की "नगं." फ्लॉपी खिशात घालून निघून जात.

ते वारले. वर्षभरानं त्यांच्या बायकोला, गंगाक्कांना, ती फ्लॉपी ट्रंकेत सापडली. "काय लिवल्यात, तेवढं सांग बाबा. जीव लागंना झालाय."

तोवर आमचं जुनं मशीन भंगारात गेलं होतं, आणि नव्यावर तो फॉन्ट काही केल्या लोड होईना. पडद्यावर नुसता गिचमिडा. अक्कांचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं.

पण कुठल्या बटणाला कुठलं अक्षर, हे माझ्या बोटांना पाठ होतं. पडद्यावरचं इंग्रजी अक्षर बघायचं, टेबलावर बोट टेकवायचं, मराठी अक्षर सांगायचं. तसं एकेक शब्द लावत मी वाचलं.

"तू भांडून माहेरी करजगीला गेलीस, तव्हा मी रोज सांजच्याला स्टँडवर येऊन तिकडनं येणारी गुलबर्ग्याची गाडी बघायलो होतो. तू उतरलीस त्या दिवशी बी होतो. पळत तुझ्या आधी येऊन घरात बसलो. तुला सांगितलो न्हाई."

अक्का दारातून स्टँडकडे बघत होत्या. तिकडेच बघत म्हणाल्या, "छाप."

"आधी फॉन्ट शोधतो, अक्का. चांगल्या मराठीत छापून देतो, पोरांना बी वाचता येईल."

"नगं. हाय असंच छाप!"