बांबूची एसटी आणि पानवळचं शेवटचं वळण

आमच्या ह्यांनी तीस वर्षं एसटी चालवली. त्यातली सहा वर्षं कऱ्हाडहून ढेबेवाडीच्या पुढे, पानवळ फाट्यापर्यंत. फाट्यावर चहा प्यायचा, गाडी वळवायची, परत यायचं. पानवळची माणसं तिथं उतरून डोक्यावर पिशव्या घेऊन डोंगर चढायला लागायची. वर काय आहे, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मला काय म्हाईत? मी खालनंच वळलो."

हे रिटायर झाले आणि ते वाक्य मला छळायला लागलं. मे महिन्यात कळलं की वरच्या कच्च्या रस्त्याचं काम चालू आहे, डांबर तेवढं पडायचंय. म्हटलं, चला, बघूनच येऊ.

सकाळी सहाला सांगलीहून मोटरसायकलवर निघालो. पेठ नाक्याला हायवे लागला की सुसाट. कऱ्हाडजवळच्या मलकापुरात मिसळ खाल्ली आणि टाकी भरून घेतली. तुम्हीही तिथंच भरा, पुढचं काही सांगता येत नाही. ढेबेवाडीपर्यंत रस्ता छान आहे, दोन्हीकडे ऊस. ह्यांचं मात्र अर्धं लक्ष समोरून येणाऱ्या एसट्यांकडे. प्रत्येक ड्रायव्हरला हात करायचा, मग तो ओळखीचा असो की नसो.

फाट्यापासून वर सहा किलोमीटर. पूर्वी इथं पावसाळ्यात बैलगाडीसुद्धा अडकायची म्हणे. आता रुंदी वाढलीय, ओढ्यांवर मोऱ्या बांधल्यात, मुरूम टाकून रोलर फिरवलाय. तरी बुटकी कार सध्या नेऊ नका. मी दोनदा खाली उतरून चालले, तेवढीच दरी नीट बघायला मिळाली.

गावाच्या तोंडाशी आलो तर समोर एक अजब वरात. आठ बाप्ये बांबूंचा एक लांबलचक चौकोन कमरेशी धरून चालले होते. चौकोनाच्या आत एक म्हातारी कंडक्टरच्या थाटात ओरडत होती, "फुडं सरका, फुडं सरका!" आणि पुढं छाती काढून चालणारे एक गृहस्थ हुकूम सोडत होते. मी तर गाडीवरून उतरलेच.

ते सुभेदार, फौजेतून निवृत्त झालेले. आतली म्हातारी त्यांची बायको, गावाची काकी. सुभेदारांनी सगळं समजावून सांगितलं. चार दिवसांनी गावातल्या टप्प्यावर डांबर पडणार. मग एसटीवाले पाहणीला येणार. गावातली सगळी वळणं घेऊन देवळापुढच्या मैदानात गाडी वळली तरच ती गावात येईल, नाहीतर फाटा आहेच. म्हणून त्यांनी फाट्यावर उभ्या गाडीला दोरी लावून माप आणलं होतं आणि त्याच मापाची बांबूची एसटी बांधली होती.

"समदी वळणं पास!" सुभेदार म्हणाले. "ह्येच्यासाठी परत्येकाकडनं हातभर बांध सोडवून घेतलाय. एकालाबी सोडलं न्हाई."

त्यांची घाई कशासाठी ते काकींनी सांगितलं. नात सानिका दहावी झालेली. जूनपासून एसटी आली तर घरूनच कॉलेज, नाहीतर मलकापूरला आत्याकडे. "आत्या चांगली हाय, पर घर रिकामं हुतंय वो," असं म्हणून काकी पुन्हा चौकोनात शिरल्या.

ह्यांनी शेवटच्या वळणावर ती बांबूची गाडी वळताना बघितली आणि डोक्याला हात लावला.

"आवं सुभेदार, ही तुमची मानसं मागनं बाजूला पाय टाकत्यात. एसटीचं मागचं चाक असं बाजूला सरकतंय व्हय?"

आठवडाभर सगळी वळणं अशीच पास झाली होती. मला हसू आवरेना, पण सुभेदारांचा चेहरा बघून गिळलं.

ह्यांनी मागच्यांना तंबी दिली: बांबू जिकडं तोंड करील तिकडंच सरळ चालायचं, आडवा पाय नाही. पुन्हा सगळे खालून आले. सगळी वळणं निघाली. शेवटच्या वळणावर मात्र बांबूचा मागचा भाग आतल्या बाजूला आला आणि एका खांबाला टेकला. खांब सुभेदारांच्या फाटकाचा होता. नवंकोरं कंपाउंड, खांबावर संगमरवरी पाटी, पाटीवर नाव आणि हुद्दा.

"पुन्यांदा," सुभेदार म्हणाले.

पुन्हा टेकला. तिसऱ्यांदाही. गडी माणसं चुळबुळायला लागली. एकजण हळूच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या सुभेदार, ड्रायव्हर काडतोय बगा कसंबी."

सुभेदार ह्यांच्याकडे वळले. "तुमी काडली असती का?"

मला वाटलं, आता हे मान राखतील, हो म्हणतील. हे म्हणाले, "रिकामी काडली असती. पोरी बसल्यावर न्हाई."

सुभेदार बराच वेळ पाटीकडे बघत राहिले. ज्यांनी ज्यांनी बांध सोडला होता ते सगळे समोर उभे होते, पण एकानंही तोंड उघडलं नाही. मला त्या माणसांचं फार कौतुक वाटलं. मग काकी बांबूखालून वाकून बाहेर आल्या, घरात गेल्या आणि पहार आणून नवऱ्यासमोर ठेवली.

सुभेदारांनी आधी पाटी काढली, चिरू न देता. ती सानिकाच्या हातात दिली आणि मग पहिला घाव स्वतःच घातला.

जेवण त्यांच्याकडेच झालं. भाकरी, पिठलं आणि डोंगरची करवंदं. पैशांचं नाव काढायची सोय नव्हती. संध्याकाळच्या आत घरी पोचलो. कंबर दोन दिवस बोलत होती.

जूनच्या शेवटी सानिकाचा फोन आला. एसटी चालू झाली होती. ह्यांनी ना अभिनंदन ना काही, एकच विचारलं, "मागचं चाक कुठनं जातंय?"

"खांब हुता ना, बरोबर तिथनंच. आजोबा रोज सकाळी तिथला चिखल बगत्यात. चाकाची खूण दिसली की म्हनत्यात, गेली पोरगी येळंवर."

आता आम्हाला पुन्हा जायचंय, या वेळी तिकीट काढून. मी पुढची सीट धरायची म्हणते, उतारू असताना तरी दरी बघू द्या. पण जन्मभर पुढं बसलेला हा माणूस हटून बसलाय, त्याला मागच्या चाकावरचीच सीट पाहिजे.